पहिला भाव

औशाच्या बसस्टँडसमोर, देशी दारूच्या दुकानापाशी एक माणूस कोसळला. बघता बघता भोवती गर्दी जमली. "पिऊन पडलाय," पानटपरीवाला म्हणाला, आणि मग सगळ्यांनाच तो पिलेला दिसू लागला.

गर्दीतून वाट काढत शरणप्पा पुढं झाले. मोंढ्यात सोयाबीनचा सौदा पुकारण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलेलं. जमलेल्या माणसांत पहिला भाव बोलायला कुणी धजत नाही आणि एकदा कुणी बोललं की मागं राहायला कुणी तयार नसतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी सौद्याच्या आवाजात पुकारा केला, "पिलाय का न्हाई, हे जवळ येऊन कोण बघतंय?"

सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघू लागले. तेवढ्यात समोरून एक बाई पुढं आली. त्या माणसाजवळ बसून तिनं त्याच्या तोंडाचा वास घेतला. "दारू न्हाई. घामानं भिजलाय बिचारा. शुगर उतरल्याली दिसती."

मग काय, एकानं रिक्षा थांबवली, चौघांनी त्याला अलगद उचललं, पानटपरीवाला तर दुकान उघडं टाकून सोबत जायला निघाला. रिक्षात चढता चढता त्यानं विचारलं, "मालक, बाई लई धीराची हाय. कुठली म्हणायची?"

शरणप्पांनी स्कूटरला किक मारली. ती बाई पदर खोचून मागं बसली.

"आमच्या घरचीच," शरणप्पा म्हणाले. "पहिला भाव मी कधी परक्यावर सोडत न्हाई."