थरथरलेली रेष

आमच्या कचेरीत उपग्रहाकडून आकाशातल्या विद्युतभारित थराचे आलेख यायचे. भूकंपाआधी तो ढवळून निघतो, असं साहेबांना वाटे. त्या दुपारी ताईच्या गावावर रेष थरथरलेली दिसली आणि मी तिला फोन लावला. "ताई, आज मुलांना घेऊन अंगणात झोप." "पुन्हा?" ती म्हणाली. "मागच्या खेपेला तीन रात्री डासांनी फोडून काढलं, आणि साधी बशीसुद्धा हलली नाही. शेजारी मला अजून वेधशाळा म्हणून हाक मारतात." पहाटे भूकंपात गाव कोसळलं, ताईच्या घरातलं कुणीच वाचलं नाही. साहेबांनी आलेख पुढ्यात ठेवून माझी समजूत घातली, "असे तरंग वर्षातून वीसदा दिसतात. तुम्ही तर सांगितलंत, बहिणीनं ऐकलं नाही." चाळीस वर्षं सगळे हेच म्हणताहेत. फोन ठेवताना मी हसून, "बरं, झोपा आतच," म्हणाले होते, ते कुणालाच ठाऊक नाही.