एका दिवसाचं शहर

गादीवाल्याने ट्राममधल्या बाकावर अंगठा दाबून पाहिला आणि मान हलवली.

"फार कडक आहे. तिला टोचेल."

"अहो, लोक बघतायत," बायको पुटपुटली. "उतरा आता. कालही हेच करून झालं."

सोफ्याच्या गाद्या भरण्यात त्याचं सगळं आयुष्य गेलं होतं. कुठल्या बैठकीत किती दम आहे, हे त्याचा अंगठा सांगायचा. पण हे शहर एखाद्याला दाखवायचं म्हणजे काय, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. जन्मापासून इथेच राहून तो स्वतः कधी मनोऱ्यावर चढला नव्हता, की होडीत बसला नव्हता.

आणि ती येणार होती रविवारी. सकाळच्या गाडीने यायचं आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचं. ती राहते तिथल्या लोकांनी परवानगी तेवढीच दिली होती.

म्हणून दुकान लवकर बंद करून नवरा-बायको रोज गाव पालथं घालत होते. कुठली ट्राम उंच पायरीची, कुठली जमिनीलगत दार उघडणारी, कुठल्या थांब्यावर सावली, स्वच्छतागृह कुठून जवळ, सगळं त्याने डोळ्यांखालून घातलं. मनोऱ्याच्या दारवानाला त्याने विचारलं, "लिफ्ट हळू चालते ना? ती घाबरते."

"डोळे मिटून हात धरायचा," दारवान म्हणाला. "बरेच जण तसंच करतात."

घरी आल्यावर जिन्यात शेजारीण भेटली. बायकोच्या पिशवीतून डोकावणारी लोकर तिच्या नजरेतून सुटली नाही.

"नात येणार वाटतं! एवढी धावपळ चाललीय ती. सोबत कोण येणार?"

"गाडीत एक बाई आहेत, त्या लक्ष ठेवतील," बायको म्हणाली आणि कुलूप उघडण्यात गुंतली. गादीवाला नुसता हसला.

आत येऊन त्याने फोन लावला. फोनवर बोलताना तो नेहमी उभाच राहायचा.

"जेवलीस का? ... मऊ केलं होतं ना त्यांनी? ... बरं. तुला काय बघायचंय ते सांग. ... जिराफ?"

त्याने बायकोकडे पाहिलं. ती तोंडावर पदर धरून हसत होती.

"हो, आहे ना. दोन आहेत. ... मान? अगं, खरंच एवढी असते. ... हॅलो? हॅलो?"

पलीकडून कुणीतरी सांगितलं, की तिचा बोलता बोलता डोळा लागला. त्याने फोन अलगद ठेवला, जणू आवाजाने ती जागी झाली असती.

"जिराफ, होडी, मनोरा, बाग, संग्रहालय," तो बोटं मोजू लागला. "ट्राम दोनदा बदलली तर सगळं बसतंय."

"आणि तिचं जेवण? तिची झोप?"

"होडीत झोपेल."

"म्हणजे होडी तुम्ही एकटेच बघणार." बायको त्याच्यासमोर बसली. "ती शहर बघायला येतेय का हो?"

तो टेबलावरचा दोरा उगाच गुंडाळत म्हणाला, "सारखं काहीतरी बघायला असलं की बरं. नाहीतर बोलायचं काय? मी तिला आवडलो नाही तर?"

"वेडे आहात."

"हसण्यावारी नेऊ नकोस. एकच दिवस आहे."

"म्हणूनच सांगते. मनोरा पुढच्या वेळी."

"पुढच्या वेळेचं कुणी सांगितलंय?"

बायकोने त्याच्या हातातला दोरा काढून घेतला आणि तो हात तसाच आपल्या हातात ठेवला. तो म्हणाला, "जिराफ. आणि जिराफासमोर जो बाक आहे ना, तो मऊ नाही, पण त्याला पाठ आहे. तिथे बसू. तिला हवं तेवढं."

"आणि आइस्क्रीम," बायको म्हणाली. "दात पडले असले तरी ते चालतं."

रविवारी तो गाडीच्या बऱ्याच आधी स्टेशनात पोहोचला. बायको जिराफापाशी थांबणार होती. पहिली भेट तुम्हा दोघांचीच होऊ दे, असं तिने ठामपणे सांगितलं होतं. निघताना तिने त्याची कॉलर दोनदा सारखी केली, गरज नसताना.

गाडी फलाटाला लागली. शेवटच्या डब्याचं दार उघडलं आणि दोन वेण्या घातलेली एक चिमुरडी उडी मारून उतरली. गादीवाल्याने चटकन पुढे होऊन तिला सावरलं. "सांभाळून गं," तो म्हणाला.

चिमुरडी त्याच्या बगलेखालून निसटली आणि मागे उभ्या असलेल्या आपल्या बापाच्या गळ्यात पडली.

गादीवाल्याने वळूनही पाहिलं नाही. तो दाराकडेच बघत होता. पांढऱ्या गणवेशातल्या बाई खाली उतरल्या आणि त्यांनी आत हात दिला. त्या हाताच्या आधाराने वाकलेली, सुरकुतलेली एक म्हातारी एकेक पाऊल टाकत फलाटावर आली.

ती त्याच्यासमोर उभी राहिली. खूप वेळ नुसती बघत राहिली. मग हात वर नेऊन तिने त्याच्या पिकलेल्या केसांवरून फिरवला आणि म्हणाली, "माझ्या कुशीतून तुला उचलून नेलं ना त्यांनी, तेव्हा एक केस नव्हता रे तुझ्या डोक्यावर."