काकांची गाळणी

मॉनिटर आपोआप बंद पडून पुन्हा सुरू झाला, तसा ताईने कपाळाला हात लावला.

नवजात बाळांच्या काचपेटीशेजारी बसवायचं ते यंत्र. बाळाचा श्वास अडखळला की त्याने बोंब मारायची. आणि नेमकं तेच अधूनमधून मिनिटभर मुकं व्हायचं. वॉर्डातल्या परिचारिका आता त्याच्या भरवशावर न राहता आळीपाळीने पेट्यांपाशी उभ्या राहत होत्या.

दोष कर्नलमध्ये, म्हणजे यंत्राच्या प्रणालीच्या अगदी गाभ्यात आहे, एवढं यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या चाचणी विभागातल्या ताईने हुडकलं होतं. बंद पडता पडता कर्नल आपल्या शेवटच्या हालचालींचा माग कन्सोलवर, म्हणजे तपासणीच्या स्क्रीनवर, ओकून जायचा. पण त्या ओळींमध्ये बाकीच्या शंभर भानगडींचे संदेश घुसलेले. वाचून वाचून तिचे डोळे चुरचुरायला लागले.

“दुसऱ्या शाखेतल्या काकांना विचार,” साहेब म्हणाले. “त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही.”

काका घरूनच काम करायचे. इथल्या कुणी त्यांना पाहिलेलं नव्हतं. ताईने स्क्रीनचे फोटो काढून पाठवले. लगेच फोन आला.

“फोटो नकोत हो ताई. लॉगचा, त्या नोंदींचा मजकूर पाठवा. सगळाच्या सगळा.”

“फार लांबलचक आहे काका.”

“असू दे की. माझ्याकडे गाळणी आहे.”

गाळणी म्हणजे काकांनी लिहिलेला छोटासा प्रोग्रॅम. तो लॉगमधल्या मागाच्या ओळी तेवढ्या उचलायचा, मध्येच तुटलेल्या सांधायचा आणि घडलं त्या क्रमाने लावून द्यायचा. उत्तर आलं ते पाहून ताई थक्क झाली. एवढ्या ढिगातून जेमतेम पानभर ओळी उरल्या होत्या.

“हे सुचलं कसं तुम्हाला?”

“आळशी माणूस आहे मी. एवढी बडबड कोण ऐकत बसणार?” काका हसले. “आता शेवटून वर या. बॅटरी तपासणारं काम कुलूप लावून आत झोपी गेलंय. आणि घंटा वाजवणारं बिचारं त्याच कुलपापाशी ताटकळलंय. शेवटी कंटाळून यंत्रच स्वतःला बंद करून घेतं.”

ताईने वर येत येत पाहिलं. अगदी तसंच होतं. इतके दिवस ती याच ओळींवरून डोळे फिरवत होती!

दुरुस्ती किरकोळ निघाली. नंतर यंत्रं कितीतरी दिवस अखंड चालवून पाहिली, एकही अडखळलं नाही. वॉर्डातल्या मुख्य परिचारिकेचा फोन आला. “आज आम्ही बसून जेवलो,” एवढंच म्हणून तिने फोन ठेवला.

पुढे कामानिमित्त काकांच्या शहरात जाणं झालं, तेव्हा ताई संध्याकाळी वाट वाकडी करून त्यांच्या घरी गेली. अशा माणसाला निदान एकदा नमस्कार तरी करावा, असं तिला वाटत होतं. काकूंनी दार उघडलं.

“जा ना आत. तुमचीच वाट बघताहेत.”

आतून कीबोर्डची टकटक भराभर ऐकू येत होती. ताई उंबऱ्यातच थबकली. खोलीत मिट्ट काळोख होता. स्क्रीनसुद्धा पेटलेला नव्हता.

“काका, अंधारात काय करताय?”

त्यांनी कानावरचे हेडफोन सरकवले, तसा त्यातून ओळी भराभर वाचून दाखवणारा आवाज ऐकू आला. ते तिच्या आवाजाच्या रोखाने वळले आणि तोंडभर हसले.

“या, या ताई! अंधार झालाय होय? लावा की दिवा. बटण भिंतीवर कुठेतरी असेल बघा, मला कधी लागलंच नाही.”