तक्रार नाही

सव्वाबारा वाजले आणि ऋतुजाला कळलं, लॉकरमधला फोन आता थरथरत असणार. नातेपुत्याहून आई. रोज हीच वेळ. आणि रोज ह्याच वेळेला ऋतुजा लॉकरपासून वीस पावलांवर, स्क्रीनला डोळे लावून, परदेशातल्या कुणाच्या तरी दुखण्याला नंबर देत बसलेली असायची. पेशंटची माहिती बाहेर जाऊ नये म्हणून कामाच्या खोलीत फोन न्यायला बंदी होती.

आईला तिनं हे दहादा सांगितलं होतं. सकाळी सातला कर, तेव्हा मी मोकळी असते. आई "व्हय" म्हणायची आणि सव्वाबाराच धरून बसायची. ऋतुजानं स्वतः सातला लावला, तर नुसती रिंग जायची. दुपारच्या सुट्टीत तिनं उलटा फोन लावला की कारण यायचं, आंगण झाडत हुते, फोन आत ऱ्हायला. आंगण ते केवढं, दोन खाटांचं. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती, घरात दुसरं कुणी नव्हतं, आणि तरी मथुराबाईंना लेकीचा सकाळचा फोन घ्यायला सवड नव्हती. शेवटी ऋतुजा रुसली. नागपंचमीपासून तिनंही सकाळचा फोन सोडला. दिवाळीला काम आहे म्हणून घरी गेली नाही. जुळे सोलापूर भागातल्या भाड्याच्या खोलीत ती सातला चहा घेऊन बसायची, शेजारी गप्प फोन. आईला आपण नकोच आहोत, असं तिला त्या वेळी अगदी खरं वाटायचं. चहा निवून जायचा.

आज स्क्रीनवर आमवाताचा, म्हणजे सांधे सुजून आखडण्याच्या दुखण्याचा पेशंट होता. सत्तरीची बाई, एकटी राहणारी. डॉक्टरांनी लिहिलेलं वाचायचं आणि त्या आजाराचा ठरलेला नंबर लावायचा, एवढंच ऋतुजाचं काम. लिहिलं नाही ते झालंच नाही, हा ह्या कामातला पहिला धडा. मनानं काही धरायचं नाही. ह्या नंबरांच्या यादीत एकटं राहण्यालाही एक नंबर आहे. शिकताना तिला त्याचं हसू आलं होतं. आता ती तो मुकाट्यानं लावायची.

ह्या बाईच्या सहा महिन्यांत सहा भेटी झाल्या होत्या आणि सहाही ठिकाणी तीच ओळ होती. बरी आहे, तक्रार नाही. स्वल्पविरामसुद्धा हलला नव्हता. डॉक्टर घाईत असले की मागची नोंद उचलून पुढं डकवतात. ऑफिसात तिला क्लोन नोट म्हणत. खाली रक्ताच्या तपासणीत मात्र सुजेचा आकडा तिप्पट झालेला दिसत होता.

ऋतुजानं हेमावती मॅडमना बोलावलं. त्या टीमच्या प्रमुख. पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या नोंदी वाचून त्यांना माणसांच्या बोलण्यावर फारसा भरवसा उरला नव्हता. त्यांनी वाचलं आणि डॉक्टरांना प्रश्न पाठव म्हणाल्या. ऋतुजानं लगेच टाइप केलं, पेशंटच्या सांध्यांना सूज आहे ना? मॅडमनी ते पुसायला लावलं.

"उत्तर त्यांच्या तोंडात घालू नको. आहे ना, बरं आहे ना, असं विचारलं की समोरचा माणूस हो म्हणून मोकळा होतोय बघ. काय दिसलं ते सांगा म्हणावं, आणि गप्प बसावं."

तिनं नवा प्रश्न लिहिला. पाठवण्याआधी त्या सहा ओळी पुन्हा एकदा वाचल्या, आणि तिला आईचा आवाज ऐकू आला. बरी हाय की. जेवले. तू जेवलीस का? रोज दीडला जेवणाच्या सुट्टीत ती उलटा फोन लावायची, बरी आहेस ना म्हणून विचारायची, आणि एवढं उत्तर घेऊन डबा उघडायची. किती महिने झाले, हेच. एक शब्द इकडचा तिकडं नाही. परक्या बाईच्या कागदात जे तिनं पाच मिनिटांत पकडलं, ते आईच्या तोंडून रोज ऐकूनही तिला ऐकू आलं नव्हतं. तिची तिलाच लाज वाटली.

दीड वाजला. डबा तिथंच ठेवून ती जिन्यात गेली आणि फोन लावला.

"बरी हाय की," तिनं विचारण्याआधीच आईनं सुरुवात केली. "जेवले. तू..."

"आई, ते राहू दे. आज सकाळी उठल्यापासून काय काय केलंस, ते सांग."

एवढं बोलून ती गप्प बसली. मग आई म्हणाली, काय करनार, बसले. कुठं बसलीस, तर हातरुणात. मग एकेक निघत गेलं. सकाळचा च्या शेजारची शिवूची आई आणून देते. तांब्या दोन्ही मनगटांत धरून उचलावा लागतो. आंगण लई दिवसांत झाडलेलं नाही. गुडघे तेवढे बरे आहेत, सूज फकस्त हातालाच.

"मग सकाळी मी फोन करायचे, तेव्हा?"

"वाजायचा की. ऐकत बसायची मी," आई म्हणाली. "बोटं वळत न्हाईत गं सकाळची. ऊन डोक्यावर आलं की जरा सैल हुत्यात. बटान दाबाया आलं, की पयला तुलाच लावते."