रिकामं परत देऊ नये

"नही म्हणजे नही," चुनीलाल खाटेवरूनच म्हणाला.

उखा ओसरीच्या पायरीशी उभा होता, टोपी हातात घेऊन. शेजारचाच. त्याचा बांध चुनीलालच्या बांधाला लागून.

"दोन दिनसाठे द्या, काका. बैल अख्खा कडबा तोंडमा धरतस नि टाकी देतस. धनू कोयताघाई तोडे, पण तिना खांदा निखळेल शे. पेरणी तोंडवर उनी."

"कडबा आठे लई ये. मी कापी देसू."

"तुम्ही खाटवरथून उठी दखाडा पहिले," उखा म्हणाला. आतून सरलाबाईचं हसू ऐकू आलं.

चुनीलाल हसला नाही. ब्राह्मणपुरीत कडबा कापायचं इंजिनावरचं यंत्र त्याच्याकडे एकट्याकडे होतं. गाडीच्या सांगाड्यावर बसवलेलं, बैल जुंपले की कुठेही नेता येई. आधी तो ते मागेल त्याला देत असे. मग नवलला दिलं. नवल नवखा होता. पेंढी पुढे सरकेना म्हणून त्याने हाताने रेटली. त्या दिवसापासून नवल रामराम करायला हात जोडी, तेव्हा दोन बोटं कमी दिसत. तो कधी काही बोलला नाही. बोलला असता तर बरं, असं चुनीलालला वाटे.

तेव्हापासून यंत्र कुणाला द्यायचं नाही, असं त्याने ठरवलं. म्हणून सगळ्या आळीचा कडबा तो एकटाच कापी. आता पाठ गेली होती. नाही म्हणण्याचासुद्धा कंटाळा आला होता.

सरलाबाई ताकाचा गडू घेऊन बाहेर आली. "धनूले दे," ती उखाला म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "द्या ना त्याले. मरेपावतर तुम्हीच कापशात का गावना कडबा?"

चुनीलाल भिंतीला धरून उठला.

त्याने उखाला यंत्राशी नेलं. इंजिन कसं फिरवायचं, पट्टा कसा चढवायचा, सगळं दाखवलं. लाकडी पन्हळीत पेंढी ठेवायची, पुढे दोन दातेरी रूळ ती धरून आत ओढतात, त्यांच्यामागे पाती. रुळांचे दाते झिजून गुळगुळीत झाले होते. लढाई चालू होती, मुंबईहून नवे रूळ येत नव्हते. शहाद्याचा लोहार दाते कोरून देईन म्हणे, पण चुनीलालचा हात जुन्या रुळांना सरावला होता.

"रूळ दम खातस," तो म्हणाला. "पेंढी लगेच धरतस नही. थोडी रेटनी पडस. हाऊ दांडका ले. दांडकाघाईच रेटानी. हात लावाना नही."

"तुम्ही त तळहातघाई रेटतस."

"रूळ कोठपावतर दम खातस, ते मन्हा हातले ठाऊक शे. तुन्हा हातले नही. नवलना हात देखेल शे ना?"

उखाने मान डोलावली. सांगाड्याला बैल जुंपले आणि गेला.

थोड्या वेळाने उखाची बायको धनुबाई कुंपणापलीकडून गडू द्यायला आली. गडूत गवारीच्या शेंगा होत्या.

"हाई काय व?" सरलाबाई म्हणाली.

"रिकामं कसं देवानं परत?"

दुसऱ्या दिवशी सकाळी उखाच्या खळ्यातून इंजिनाची धडधड ऐकू आली. चुनीलाल खाटेवर कान देऊन पडला. धडधड थांबली की त्याचे डोळे उघडत. एकदा ती थांबली ती पुन्हा सुरूच झाली नाही. दुपारी सरलाबाई खबर घेऊन आली.

"उखा शहादाले गया. लोहारकडे. खांदावर पोतं व्हतं, जड."

"काय मोडनं?"

"माले काय ठाऊक? धनूले इचारं, त हसस नुसती."

चुनीलालने डोळे मिटले. मोडलं असेल. मोडू दे. लोखंडच मोडलं आहे ना. हात शाबूत असले म्हणजे झालं.

त्यानंतरच्या सकाळी धडधड पुन्हा सुरू झाली आणि दुपारपर्यंत चालली. दिवस कलताना उखा यंत्र घेऊन दारात आला. चुनीलालने यंत्राकडे पाहिलंच नाही. आधी उखाचे हात पाहिले. दहाही बोटं जागच्या जागी होती.

मग मागच्या बाजूने पाती पाहिली. शाबूत. पट्टा शाबूत. यंत्र पुसून लख्ख केलेलं, तेल दिलेलं. शेवटी त्याने दांडका उचलला. त्यावर एक ओरखडासुद्धा नव्हता.

चुनीलालने तो उखाच्या तोंडासमोर धरला. "दांडका नही वापरा तू?"

"लागनाच नही, काका."

"हातघाई रेटी तू पेंढी!"

"नही, काका. धनूनी आन. रेटनीच पडनी नही."

"रेटनी पडनी नही? मी इतला वरीस रेटी ऱ्हायनू, ते काय येडा म्हणीसन?"

उखा ओठ दाबून हसत होता, जत्रेहून आणलेला खाऊ पाठीमागे लपवावा तसा. "चालू त करी देखा," तो म्हणाला. "तुम्हीच देखा, काका."

नवलही असाच हसत यंत्र घेऊन गेला होता. आज दोन बोटं वाचली. उद्या वाचतील कशावरून? पाठीची कळ सोसत चुनीलालने इंजिनाचं हँडल फिरवलं. पट्टा चढला, पाती गरगरू लागली. कुंपणाशी धनुबाई आणि सरलाबाई येऊन उभ्या राहिल्या.

त्याने कडब्याची पेंढी उचलून पन्हळीत ठेवली. बाजूला उखा तोंडाशी हात धरून काहीतरी ओरडत होता, आनंदाने. इंजिनाच्या धडधडीत एक अक्षर कळत नव्हतं. चुनीलालने त्याला डोळ्यांनीच दटावलं, बघ, नीट बघ, आणि इतकी वर्षं रेटत आला तशी पेंढी तळहाताने पुढे रेटली, रूळ दम खात तिथपर्यंत.

नवे दाते कोरून आलेल्या रुळांनी दम खाल्ला नाही.