उलटा फंड

“काका, बस इतना बोलना है,” पराग म्हणाला आणि त्याने आपला मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवून नत्थू रामटेक्यांसमोर उभा केला. “‘मुझे समझ में नहीं आया था.’ मराठीत बोलले तरी चालते.”

रायपूरच्या तेलीबांधा तलावाकडे तोंड करून असलेलं हे ऑफिस लोकांचे पैसे परदेशी बाजारात लावून देणाऱ्या एका कंपनीचं होतं. पराग तिथला मॅनेजर. घर अमरावतीकडचं, जन्म रायपूरचा. मराठी त्याला अशी अडीनडीलाच आठवायची. नत्थू रेल्वेच्या वॅगन दुरुस्ती कारखान्यातून निवृत्त झालेले. सफारी घालून आले होते. शेजारी मुलगी दीक्षा बसली होती. तिने महिनाभर तक्रारी करत पिच्छा पुरवून कंपनीला इथवर आणलं होतं. कंपनी नत्थूंच्या बुडालेल्या पैशांतले अर्धे परत द्यायला तयार होती. अट एकच. जोखीम कळली नव्हती असं नत्थूंनी कॅमेऱ्यासमोर म्हणायचं, आणि मग असले जोखमीचे फंड त्यांच्या खात्यावर कायमचे बंद.

नत्थू मोबाइलकडे बघत नव्हते.

“मले एक सांग,” ते परागला म्हणाले. “मी म्हनलं होतं मार्केट पडन. पडलं का नाही?”

“गिरा, काका.”

“तुमचा फंड उलटा. मार्केट पडलं का तो चढते, तेही तिप्पट. मंग माहे पैसे काहून कमी झाले?”

परागने खुर्ची पुढे ओढली. हे त्याला रोजच कोणाला तरी सांगावं लागत असणार. “ये फंड एक दिन का होता है, काका. शाम को हिसाब बंद, सुबह नए से चालू. मार्केट सीधा नहीं गिरा ना. चढ़ते-उतरते गिरा. हर झटके में आपका पैसा थोड़ा-थोड़ा घिसता गया. सुबह लेके शाम को बेचने की चीज़ है. आपने तो लेके रख दिया.”

“फंडाले रोज रोज पाह्यतात का कोनी?”

आता यात त्या माणसाचं काय चुकलं? फंड हा शब्द त्याने सारी नोकरी एकाच अर्थाने वापरला होता. पगारातून कापतात तो फंड. त्याला हात लावायचा नाही, तो वाढत राहतो आणि शेवटी सरकार व्याजासकट हातात ठेवतं. अशा माणसाला कोणी फंड म्हणून विष विकलं असतं, तरी त्याने ते कपाटात जपून ठेवलं असतं.

“भैया, हेच तर मी सांगून राहिली,” दीक्षा म्हणाली. “त्यांना वाटलं पीएफसारखं काही आहे. ऐसी चीज़ साध्या माणसाला विकायची परवानगीच नाही पाहिजे. सरकारनं बंद केलं पाहिजे हे.”

“दीदी, बंद करेंगे तो यही लोग आके पूछेंगे, हमको क्यों रोका? हम बच्चे हैं क्या?”

“बरोबर बोलून राहिला हा,” नत्थू म्हणाले.

दीक्षाने चमकून त्यांच्याकडे पाहिलं.

तिला एक गोष्ट माहीत नव्हती. बाजार पडणार हे नत्थूंनी आपल्या बीरगांव वस्तीतल्या बुद्धविहारासमोर बसणाऱ्या मंडळींना आधीच सांगून ठेवलं होतं. सगळे हसले होते. मग पेपरात मोठ्या अक्षरात आलं, आणि तेच लोक म्हणाले, नत्थूभाऊ, तुमचं खरं झालं. असं त्यांना कधी कोणी म्हटलं नव्हतं. पैसे गेल्याचं मात्र त्यांनी तिथे कोणाला सांगितलं नाही.

परागने रेकॉर्डिंग सुरू केलं.

“बोला, बाबा,” दीक्षा हळूच म्हणाली.

नत्थूंनी सफारीची कॉलर नीट केली. “माहं नाव नत्थू गोविंदा रामटेके. मले समजलं होतं.”

“काका, नहीं समझा था, ऐसा बोलना है.”

“मले समजलं होतं. पडन म्हनलं, पडलं.”

“बाबा, अर्धे तरी येतील.” दीक्षाने त्यांचा हात धरला. “तुमची सारी कमाई होती ती. आईले काय सांगू मी घरी जाऊन?”

“अक्कल नव्हती म्हनून पैसे द्या, असं म्हनू? भीक मागाले आनलं का तू मले?”

परागने मोबाइल उचलून खिशात टाकला. सुटल्याचं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं आणि ते लपवायची त्याने तसदीही घेतली नाही. “जैसी आपकी मर्ज़ी. फिर खाता चालू रहेगा.”

“हव. राहू दे चालू.”

दीक्षा उठली. तिला रडू येत नव्हतं, नुसता संताप येत होता, आणि तो या दोघांपैकी कोणावर काढावा हे तिला कळेना. ती दारापर्यंत गेली, मग वडिलांसाठी थांबली. नत्थू खुर्चीतच बसून होते.

“बायकोच्या नावानं खातं उघडता येते का?” त्यांनी परागला विचारलं. “सरकारी दवाखान्यात आया आहे ते. पुढच्या महिन्यात रिटायर होऊन राहिली. पैसे भेटतीन तिले.”

दारातून दीक्षा म्हणाली, “बाबा, चला.”

परागने तिच्याकडे पाहिलं. मग त्याने कीबोर्ड जवळ ओढला.

“उघडता येतं, काका. बस, आंटी को रिस्क समझ में आता है ना? पूछना पड़ता है.”

“तिले मी समजावून सांगीन,” नत्थू म्हणाले.