पाचव्या रविवारची साथ

या, असे जवळ सरका. गोष्ट लहान आहे, पण सुडाची आहे, आणि सूड देवाच्या घरातच मांडलेला होता.

व्हर्डेल पीकची बोटं ऑर्गनवर होती आणि डोळे त्या म्हाताऱ्याच्या नरड्यावर. म्हातारा मेम्फिसचा, रेव्हरंड थॅडियस क्रूम. प्रवचन सांगायला नुकताच उभा राहिला होता.

महिन्यात पाचवा रविवार आला की मेम्फिस आणि बर्मिंगहॅमची, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या आम्हा काळ्या लोकांची दोन चर्चं एकत्र जमत. एकदा त्यांच्याकडे, एकदा आमच्याकडे. मधली बरीच वर्षं हे बंद पडलं होतं. का, ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. नव्या पाळकांनी यंदा पुन्हा सुरू केलं. पहिला मान आमचा, बर्मिंगहॅमचा.

दुपारी जेवणाच्या टेबलावरच दोन्ही शहरं एकमेकांना भिडली होती.

"बर्मिंगहॅम?" मेम्फिसच्या चर्चचे कारभारी, डीकन रॉस्को, हाड चोखत म्हणाले. "अटलांटाला जाताना आम्ही पेट्रोल भरतो, तेच ना हे?"

"हो, तेच!" आमच्या चर्चच्या वडीलधाऱ्या मदर लुवेनियांनी त्यांच्या ताटात रताळ्याच्या पायचा तुकडा आदळला. "तुमचे पूल, तुमचे रूळ, तुमच्या आजीचा तवा, सगळं लोखंड इथलं. आम्ही ओतलं नसतं तर तुम्ही अजून नदीत पोहत बसला असता."

"जगाला गाणं कुणी दिलं, मदर?"

"गाणं तुम्ही दिलंत. पण आमची पोरं रस्त्यावर उतरली, तेव्हा कुठे तुम्हाला गोऱ्यांच्या हॉटेलात पुढच्या दाराने शिरता आलं. खा आता मुकाट्याने."

टेबल हसून हसून लोळलं. व्हर्डेल हसली नाही. शहराशहरांची ही थट्टा तिच्या बापाला गिळून बसली होती.

तिचा बाप, लॉन्झो पीक, आठवडाभर भट्टीपुढे भाजून निघायचा आणि रविवारी प्रवचन सांगायचा. आमच्याकडे प्रवचन आधी बोलून सांगतात. मग अंगात भरलं की बोलणं आपसूक गाणं होतं. प्रवचनकाराने एक ओळ टाकायची, ऑर्गनने ती झेलायची आणि सूर त्याच्या हाती परत द्यायचा. ही साथ तुटली, तर सांगणारा भर सभेत उघडा पडतो. बऱ्याच वर्षांपूर्वी अशाच एका पाचव्या रविवारी मेम्फिसमध्ये लॉन्झो गाण्यावर आला, दुसरी ओळ टाकली, आणि ऑर्गन थांबला. त्याचा आवाज हवेत लोंबकळला, चिरकला. कुणीतरी फिसकन हसलं. मग हाच क्रूम उठला आणि माइक ओढून म्हणाला, "मेम्फिसचा ऑर्गन आहे हा! बर्मिंगहॅमच्या मागे धावायची त्याला सवय नाही!"

सगळं चर्च खदखदलं. लॉन्झोने बायबल मिटलं. त्यानंतर मरेपर्यंत तो प्रवचनाला उभा राहिला नाही. घरातसुद्धा गुणगुणला नाही.

म्हणून आज ऑर्गनवर बसायचं व्हर्डेलने पाळकांकडून मागून घेतलं होतं.

क्रूमने योनाची गोष्ट धरली होती. देवाने ज्या शहराला पाठवलं तिथे जायचं टाळून योना पळाला, माशाच्या पोटात अडकला. म्हातारा बोलता बोलता गाण्यावर आला. व्हर्डेलने पहिली ओळ झेलली. काय झेलली! लोण्यासारखी. दुसरी झेलली, तिसरी. मग अर्धा स्वर वर चढली. म्हाताराही चढला. आणखी वर. बायका उभ्या राहिल्या, टाळ्या पडू लागल्या, म्हाताऱ्याच्या कपाळावरून घाम ओघळू लागला. चढ, ती मनात म्हणत होती. चढ शिडीवर, अगदी वरच्या पायरीपर्यंत.

तो वरच्या पायरीवर पोचला तेव्हा तिने दोन्ही हात उचलले आणि मांडीवर ठेवले.

क्रूमचा आवाज लोंबकळला. चिरकला. थेट तिच्या बापासारखा. टाळ्या विरल्या. डीकन रॉस्कोंचं तोंड उघडंच राहिलं. व्हर्डेलने ती शांतता उन्हातून आल्यावर गार पाणी प्यावं तशी घटाघटा प्यायली. "गा आता, मेम्फिस," ती ओठातल्या ओठात म्हणाली.

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं. तिने नजर खाली घेतली नाही. आता हा चिडेल, ओरडेल, आणि मग मी सगळ्यांदेखत बापाचं नाव घेईन.

तो कठडा धरून एकेक पायरी उतरला. माइक मागेच राहिला. तिच्याजवळ येऊन तो वाकला आणि तिची बोटं आपल्या दोन्ही तळव्यांत घेऊन चोळू लागला.

"हात थरथरतात का गं, लॉन्झोच्या पोरी?" तो कुजबुजला. "आमच्या ऑर्गनवाल्या सायलसची बोटं अशीच आखडली होती, तुझे बाबा गात होते तेव्हा. लोकांना कळतं, तर त्याचं वाजवणं त्याच दिवशी सुटलं असतं. म्हणून मी मेम्फिसचा तोरा मिरवला आणि सगळ्यांच्या शिव्या अंगावर घेतल्या. सायलस जाईपर्यंत हे तोंडातून काढणार नाही, असा शब्द दिला होता त्याला. या वसंतात गेला तो. तू घाबरू नकोस. मी आहे."

तो वर गेला. माइक ओढला आणि मोठ्याने हसला. "मेम्फिसचा गळा आहे हा! बर्मिंगहॅमच्या ऑर्गनला कुठला झेपतोय!"

सगळं बर्मिंगहॅम त्याच्यावर भडकून उठलं. ऑर्गनकडे कुणीच पाहिलं नाही. व्हर्डेलची बोटं आता खरोखरच थरथरत होती.

आज देवापुढे हात जोडाल तेव्हा लॉन्झो पीकची आठवण ठेवा. त्याला हे कुणी सांगितलंच नाही.